एका खोलीची विक्री : सहकारी गृहनिर्माणातील हक्क आणि भार

अहिल्यानगर शहराच्या उत्तरेस, मनमाड रस्त्याच्या बाजूस असलेले नागापूर हे नाव जिल्ह्यात मुख्यतः तेथील औद्योगिक वसाहतीमुळे परिचित आहे. कारखान्यात नोकरी करणाऱ्या कुटुंबाची पहिली निकड निवाऱ्याची असते, आणि पहिली ऐपत बहुधा एका खोलीची. एक खोली, तिच्यातच स्वयंपाकाचा ओटा, लागून न्हाणीघर, एवढाच ज्याचा विस्तार, असा सहकारी संस्थेतील गाळा विक्रीस निघाला म्हणजे खरेदीदार भिंती पाहतो, पाणी पाहतो, उजेड पाहतो आणि किंमत ठरवतो. परंतु या व्यवहारात प्रत्यक्ष विकले जाते ते काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आयुष्याची शिल्लक ज्या व्यवहारात गुंतावयाची, त्याचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे.

या जिल्ह्यातील वाचकास या प्रश्नाचे उत्तर एका परिचित उदाहरणावरून उमगेल. लोणी येथील प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप १९५०-५१ च्या हंगामात झाले. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या त्या कारखान्याचा भाग ज्या ऊस-उत्पादकाने घेतला, त्याच्या मालकीचे कारखान्यातील एखादे चाक वा कढई झाली नाही. त्याला सदस्यत्व, मत आणि संस्थेच्या व्यवहारात सहभागाचा हक्क मिळाला. सहकारी गृहनिर्माण संस्थेची घडण तत्त्वतः अशीच आहे. येथे सदस्याच्या हाती येते ते भागपत्र. त्यावरील दर्शनी रक्कम अगदी किरकोळ असते; पन्नास रुपयांचा एक, असे पाच किंवा दहा भाग. तरीही त्या कागदाशी लाखो रुपयांचा गाळा वापरण्याचा हक्क निगडित असतो.

या व्यवस्थेचा उगम मुंबईत झाला. श्रीपाद सुबराव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. जमीन व इमारत संस्थेची आणि सदस्य हा संस्थेचाच भाडेकरू, असे तिचे स्वरूप होते. पुढे जमीन संस्थेची व त्यावरील घर सदस्याचे, असा दुसरा प्रकार रूढ झाला. स्वातंत्र्योत्तर काळात बांधकाम-व्यावसायिकाने इमारत उभारून गाळे विकावयाचे व गाळेधारकांनी मागाहून संस्था स्थापावयाची, ही रीत बळावली. तिला नियमांच्या चौकटीत आणण्यासाठी राज्यात १९६३ साली मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा स्वतंत्र अधिनियम झाला. आज बाजारात येणारे गाळे बहुतांशी या तिसऱ्या प्रकारचे होत. पहिल्या प्रकारात संस्था आधी व इमारत नंतर होती. तिसऱ्यात इमारत आधी व संस्था नंतर. हा क्रम उलटल्याने निर्माण झालेल्या अडचणीचा विचार पुढे येईल.

सदस्याचा हक्क केवळ वापराचा असेल, तर तो विकता येतो काय? १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, संस्थेतील गाळा ताब्यात ठेवण्याचा सदस्याचा हक्क ही एक प्रकारची मालमत्ताच असून ती जप्तीस व विक्रीस पात्र आहे. २००० साली त्याच न्यायालयाने सांगितले की, भागांच्या हस्तांतरणाबरोबर गाळ्याचा ताबा जात असेल तर तो दस्त स्थावराच्या खरेदीखताप्रमाणेच मुद्रांक शुल्कास पात्र ठरतो. भागपत्राच्या पाठीवर नाव फिरवले की काम झाले, ही समजूत म्हणूनच घातक होय. तशीच दुसरी समजूत केवळ कुलमुखत्यारपत्रावर घर घेण्याची. अशा पत्राने स्थावराची मालकी जात नाही, हे २०११ च्या निर्णयाने निर्विवाद झाले आहे.

विक्रेता व खरेदीदार यांच्यात करार झाला, मुद्रांक भरला, नोंदणी झाली, तरी एक पायरी उरते. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. त्यानुसार संस्थेची थकबाकी फेडल्यावाचून आणि खरेदीदाराने रीतसर सदस्यत्व मिळवल्यावाचून भागांचे हस्तांतरण परिणामकारक होत नाही. येथे न्यूयॉर्कशी तुलना उद्बोधक ठरेल. त्या शहरातील सहकारी इमारतींत लहान घरही भागांच्याच रूपाने विकले जाते. मात्र तेथील संचालक मंडळ कारण न सांगता खरेदीदारास नाकारू शकते, आणि ज्याचे भाग अधिक त्याची मतेही अधिक. महाराष्ट्रात खुले सदस्यत्व हे तत्त्व आहे. नकार द्यावयाचा तर संस्थेने कारणे दिली पाहिजेत, तीन महिन्यांत निर्णय न कळवल्यास अर्जदार सदस्य झाला असे मानले जाते, आणि नकाराविरुद्ध निबंधकाकडे दाद मागता येते. या तत्त्वालाही मर्यादा आहे. विशिष्ट समाजापुरते सदस्यत्व राखणारा उपविधी २००५ साली गुजरातमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य मानला. उपविधी वाचल्याशिवाय विसार देऊ नये, हा धडा त्यातून मिळतो. हस्तांतरणाच्या वेळी घ्यावयाच्या अधिमूल्यावरही राज्य शासनाने २००१ साली मर्यादा घातली. महानगरपालिकेच्या हद्दीत ती २५,००० रुपये आहे, ग्रामपंचायतीच्या हद्दीत ५,००० रुपये. देणगीच्या नावाखाली त्याहून अधिक मागणे नियमाला धरून नाही.

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे वळावयाचे. सहकारी संस्थेत एका सदस्यास एकच मत असते, मग त्याचा गाळा एका खोलीचा असो वा चार खोल्यांचा. हे समत्व खर्चाच्या बाबतीतही लागू पडते. आदर्श उपविधींनुसार पहारेकरी, सफाई, सामायिक दिवाबत्ती, कार्यालयीन काम इत्यादींचा सेवाखर्च क्षेत्रफळाप्रमाणे वाटला जात नाही. तो प्रत्येक गाळ्यास सारखा असतो. मुंबई उच्च न्यायालयानेही ही समान आकारणी उचलून धरली आहे. तिचा परिणाम गृहीत आकड्यांवरून पाहता येईल. एका संस्थेत ३०० चौरस फुटांचे दहा आणि ९०० चौरस फुटांचे दहा गाळे आहेत व मासिक सेवाखर्च ३०,००० रुपये आहे असे समजावे. क्षेत्रफळाप्रमाणे आकारणी झाली असती तर लहान गाळ्यास ७५० व मोठ्यास २,२५० रुपये आले असते. समान आकारणीत दोघांसही १,५०० रुपये येतात. लहान गाळ्याचा धनी क्षेत्राच्या मानाने दुप्पट भार वाहतो.

या व्यवस्थेस आधार नाही असे नाही. पहारेकरी दाराशी उभा राहतो तो सर्वांसाठी सारखाच, आणि जिन्यातला दिवा खोल्या मोजून जळत नाही. शिवाय सर्वच भार सारखा नसतो. दुरुस्ती निधी गाळ्याच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के व सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के या प्रमाणात घेतला जातो. त्यामुळे तेथे लहान गाळ्याचा वाटा लहानच राहतो. मात्र या आकड्यांतून आणखी एक गोष्ट ध्यानी येते. आठ लाख रुपये बांधकाम खर्चाच्या गाळ्यामागे सिंकिंग फंडात वर्षाला २,००० रुपये पडतात. चाळीस वर्षांत, व्याज न धरता, ८०,००० रुपये. मूळ खर्चाचा हा एक दशांश होय. जुन्या इमारतीतील खोली स्वस्त दिसते, पण पुनर्बांधणीची पुंजी निधीत आहे की नाही हे संस्थेच्या ताळेबंदावरून पाहिले पाहिजे. निधी रिता असल्यास तो भरण्याची पाळी नव्या सदस्यावर येते.

शेवटची अडचण जमिनीची. इमारत आधी व संस्था नंतर, या क्रमामुळे जमिनीचा हक्क अनेक ठिकाणी विकासकाच्या किंवा मूळ जमीनमालकाच्या नावेच राहिला. संस्थेची नोंदणी झाल्यावर, करारात वेगळी मुदत नसल्यास, चार महिन्यांत अभिहस्तांतरण करून देणे विकासकावर बंधनकारक आहे. ते टाळले जाते असे आढळल्यावरून २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची सोय करण्यात आली. तीनुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून संस्था जमीन आपल्या नावे करून घेऊ शकते. नागापूरसारख्या शहरालगतच्या भागात म्हणूनच सात-बाराचा उतारा अथवा मिळकत पत्रिका, बिनशेतीचा आदेश व बांधकाम परवानगी पाहणे आवश्यक ठरते. औद्योगिक विकास महामंडळाची जमीन भाडेपट्ट्याची असते. अशा जमिनीवरील इमारत असल्यास पट्ट्याची उरलेली मुदतही पाहावी. संस्थेच्याच हक्कात उणीव असेल तर सदस्याचा हक्क तिच्याहून अधिक भक्कम असू शकत नाही.

सारांश, सहकारी संस्थेतील एका खोलीची किंमत चौरस फुटांच्या हिशेबाने पुरती कळत नाही. तिच्यात चार गोष्टी गुंतलेल्या असतात : खोलीचा ताबा, संस्थेतील मत, सामायिक खर्चाचा वाटा आणि जमिनीवरील संस्थेचा हक्क. पहिली डोळ्यांना दिसते. उरलेल्या तिन्ही उपविधी, ताळेबंद आणि जमिनीची कागदपत्रे यांत वाचाव्या लागतात. नागापूरच्या कामगारास एका खोलीच्या किमतीत मोठ्या गाळ्याच्या धन्याइतकेच मत मिळते, ही सहकाराची देणगी थोडी नव्हे. सेवाखर्चाचा जादा भार तो सोसतो, त्याचा मोबदला त्या मतातच आहे. वार्षिक सभेस तो हजर राहिला नाही, हिशेब विचारला नाही, तर भार तेवढा त्याच्याकडे राहतो आणि हक्क कागदावर.