कौन्सिलविरुद्धचे गाऱ्हाणे आणि इंग्लंडचा ओम्बुड्समन

इंग्लंडमध्ये कचरा उचलणे, रस्त्यांची डागडुजी, बांधकाम परवाने, बेघर कुटुंबांना निवारा, विशेष गरजा असलेल्या मुलांचे शिक्षण, वृद्धांची घरी किंवा शुश्रूषागृहात घ्यायची काळजी ही सारी कामे स्थानिक कौन्सिलांकडे असतात. कौन्सिलने यांतले एखादे काम केले नाही, रेंगाळत ठेवले किंवा नियम डावलून केले, आणि तिच्याकडे तक्रार करूनही रहिवाशाचे समाधान झाले नाही, तर त्याला ‘लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बुड्समन’ या कार्यालयाकडे दाद मागता येते. त्यासाठी फी पडत नाही आणि वकीलही लागत नाही. हे कार्यालय न्यायालय नाही आणि कौन्सिलचे खातेही नाही. ते तक्रारदाराची वकिलीसुद्धा करत नाही. कौन्सिलच्या कारभारात दोष होता का, आणि त्या दोषापायी या रहिवाशावर अन्याय झाला का, या दोन प्रश्नांची उत्तरे ते शोधते.

ओम्बुड्समन ही संस्था मूळची स्वीडनमधली. तिथल्या संसदेने १८०९ मध्ये हे पद निर्माण केले. डेन्मार्कने ते १९५५ मध्ये स्वीकारले आणि न्यूझीलंडने १९६२ मध्ये. ब्रिटनमध्ये अशा पदाच्या मागणीला जोर आला तो डॉर्सेटमधल्या क्रिचेल डाउन प्रकरणानंतर. दुसऱ्या महायुद्धापूर्वी बॉम्बफेकीच्या सरावासाठी सरकारने घेतलेली जमीन गरज संपल्यावरही मूळ मालकाच्या कुटुंबाला परत मिळेना. अधिकाऱ्यांनी हे प्रकरण ज्या तऱ्हेने हाताळले त्यावरून १९५४ मध्ये कृषिमंत्री थॉमस डगडेल यांना राजीनामा द्यावा लागला. लाच कोणी घेतली नव्हती, तरीही नागरिकावर अन्याय झाला होता आणि त्याला दाद मागायला जागा नव्हती. १९६७ च्या कायद्याने केंद्र सरकारच्या खात्यांसाठी संसदीय ओम्बुड्समन नेमला गेला. सामान्य माणसाचा रोजचा संबंध मात्र मंत्रालयापेक्षा कौन्सिलशी अधिक येतो. ती उणीव १९७४ च्या लोकल गव्हर्नमेंट ॲक्टच्या तिसऱ्या भागाने भरून काढली. त्यातून स्थापन झालेल्या आयोगाच्या पहिल्या अध्यक्ष होत्या बॅरोनेस सेरोटा.

सुरुवातीला एक अडसर होता. तक्रार थेट करता येत नसे, ती नगरसेवकामार्फत पाठवावी लागे. ज्या संस्थेबद्दल गाऱ्हाणे, तिच्याच सभासदाच्या हातून ते पुढे जाणार, ही अट टिकणारी नव्हतीच. १९८८ मध्ये ती गेली आणि रहिवाशांना दार थेट उघडले. २०१० पासून खासगी शुश्रूषागृहे आणि घरी येऊन सेवा देणाऱ्या संस्थाही, रहिवासी स्वतःचे पैसे भरत असला तरी, या कार्यालयाच्या कक्षेत आल्या. म्हणून २०१७ मध्ये नावात ‘सोशल केअर’ हे शब्द जोडले गेले. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांची अशी कार्यालये वेगळी आहेत.

मराठी वाचकाला यावरून महाराष्ट्राचे लोकायुक्त आठवतील, आणि नाते खरेच आहे. महाराष्ट्राचा लोकायुक्त व उपलोकायुक्त कायदा १९७१ चा, म्हणजे इंग्लंडच्या कायद्याहून तीन वर्षे आधीचा. त्या कायद्यात भ्रष्टाचारासारखे ‘आरोप’ आणि गैरकारभारामुळे झालेल्या अन्यायाची ‘गाऱ्हाणी’ असे दोन वर्ग केलेले आहेत. इंग्लंडचा ओम्बुड्समन फक्त दुसऱ्या वर्गाचे काम करतो. अधिकारी लाचखोर आहे का, हा प्रश्न त्याच्यापुढे येत नाही. अर्जदाराला सात महिने उत्तर का मिळाले नाही, हा प्रश्न येतो.

ओम्बुड्समनकडे जाण्याआधी कौन्सिलला आपली चूक सुधारण्याची संधी द्यावी लागते. प्रत्येक कौन्सिलची तक्रार निवारणाची पद्धत असते, बहुधा दोन टप्प्यांची. २०२४ मध्ये ओम्बुड्समनने कौन्सिलांसाठी जी संहिता जाहीर केली, तिच्यानुसार पहिल्या टप्प्याचे उत्तर १० आणि दुसऱ्याचे २० कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवे. मुलांच्या संगोपनाशी संबंधित बऱ्याच तक्रारींना कायद्यानेच तीन टप्पे ठरवून दिले आहेत आणि त्यांतल्या दुसऱ्या टप्प्यात चौकशीवर देखरेखीसाठी बाहेरची त्रयस्थ व्यक्ती नेमावी लागते. कौन्सिल टोलवाटोलवी करत राहिली, तर हे टप्पे पूर्ण होण्याची वाट न पाहताही ओम्बुड्समन तक्रार हाती घेऊ शकतो. रहिवाशाला मात्र एक मुदत पाळावी लागते. अन्याय लक्षात आल्यापासून १२ महिन्यांच्या आत तक्रार केली पाहिजे. आजारपण किंवा कौन्सिलनेच दिशाभूल केलेली असणे अशी सबळ कारणे असतील, तर ही मुदत शिथिल होते.

आलेली प्रत्येक तक्रार तपासाला जात नाही. ज्या निर्णयाविरुद्ध न्यायाधिकरणात अपील करता येते, त्यात हे कार्यालय सहसा पडत नाही. पार्किंगचा दंड, घरावरील कराच्या आकारणीचा वाद, घरभाड्यासाठीच्या ‘हाउसिंग बेनिफिट’ची रक्कम यांना आपापली न्यायाधिकरणे आहेत. कौन्सिलच्या घरात राहणाऱ्या भाडेकरूच्या गळक्या छताची तक्रार ‘हाउसिंग ओम्बुड्समन’ या वेगळ्या कार्यालयाकडे जाते. कर्मचाऱ्यांच्या नोकरीचे वाद, शाळेचा अंतर्गत कारभार आणि जवळजवळ सगळ्याच रहिवाशांवर सारखा परिणाम करणारे निर्णय, उदाहरणार्थ कराचा दर वाढवणे, हेही बाहेर. गावपातळीवरच्या पॅरिश कौन्सिली तर या कायद्याच्या कक्षेतच नाहीत, आणि खेड्यातल्या रहिवाशाच्या दृष्टीने ही खरी उणीव आहे.

बांधकाम परवान्यांत अपिलाच्या या नियमाचे महत्त्व नीट दिसते. परवाना नाकारला गेला तर अर्जदाराला नियोजन निरीक्षकांकडे अपील करता येते, म्हणून त्याची तक्रार इथे घेतली जात नाही. परवाना दिला गेला आणि त्यामुळे शेजाऱ्याच्या खिडकीपुढे भिंत उभी राहिली, तर त्या शेजाऱ्याला अपिलाचा हक्कच नाही. त्याला उरतो तो ओम्बुड्समन. शेजाऱ्याने मुदतीत पाठवलेली हरकत अधिकाऱ्याने पाहिली का, अहवालात प्रकाश आणि खासगीपणा यांचा विचार केला का, नकाशावरची अंतरे बरोबर होती का, हे तपासले जाते. भिंत योग्य की अयोग्य, हे मात्र ओम्बुड्समन सांगत नाही.

या संस्थेच्या कामाचा गाभा हाच आहे. दोष न करता घेतलेल्या निर्णयाच्या गुणदोषांत शिरायला कायदा ओम्बुड्समनला मनाई करतो. निर्णय कसा घेतला गेला, एवढेच त्याने पाहायचे. अनेक तक्रारदारांचा हिरमोड इथेच होतो, कारण त्यांना निर्णय बदलून हवा असतो. तरीही ही मर्यादा रास्त आहे. लोकांनी निवडून दिलेल्या कौन्सिलच्या जागी नेमलेल्या अधिकाऱ्याने आपले मत बसवायचे नाही, आणि त्याच वेळी कौन्सिलने आपलेच नियम पायदळी तुडवायचे नाहीत, या दोन्ही गोष्टी ती सांभाळते. शिवाय ‘कसा’ हा प्रश्न वाटतो तितका छोटा नाही. गैरकारभाराची व्याख्या कायद्याने मुद्दाम केली नाही. १९६६ च्या संसदीय चर्चेत मंत्री रिचर्ड क्रॉसमन यांनी त्याच्या नमुन्यादाखल पक्षपात, हेळसांड, दिरंगाई, अकार्यक्षमता, मनमानी अशी एक यादी सांगितली होती आणि ती आजही आधाराला घेतली जाते. प्रत्यक्षात आढळणारे दोष साधे असतात. दूरध्वनीवर दिलेल्या आश्वासनाची नोंदच नसते. कायद्याने ठरवलेली मुदत उलटून जाते. ‘आमच्याकडे असे करत नाहीत’ म्हणून सरसकट नकार दिला जातो आणि त्या माणसाची परिस्थिती कोणी पाहतच नाही. हा शेवटचा दोष विशेष घातक आहे, कारण तो नियमाचे रूप घेऊन येतो.

कक्षेची चाळणी झाल्यावर तक्रारीचे मूल्यमापन होते. अन्याय किती गंभीर आहे, तपास करून हाती काही लागेल का, इतरांनाही तोच त्रास होत असेल का, हे पाहिले जाते. वर्षाला हजारो तक्रारी आणि विचारणा येतात. त्यांतल्या थोड्याच सविस्तर तपासापर्यंत पोहोचतात. किरकोळ त्रासाच्या तक्रारी इथेच थांबतात.

सविस्तर तपास एका तपास अधिकाऱ्याकडे सोपवला जातो. तो तक्रारदाराशी बोलतो, कौन्सिलला नेमके प्रश्न पाठवतो आणि मूळ कागद मागवतो. त्यांत फाइलवरच्या टिपा, ई-मेल, भेटींच्या नोंदी, संभाषणांची ध्वनिमुद्रणे असे सारे येते. साक्षीदार बोलावणे आणि कागदपत्रे हजर करायला लावणे यांबाबत त्याचे अधिकार उच्च न्यायालयाइतके आहेत. ते वापरण्याची वेळ क्वचितच येते, पण ते आहेत म्हणून कागद येतात. तपास खासगीत चालतो. कागद अपुरे असतील तर काय घडले असण्याची शक्यता अधिक, या कसोटीवर निष्कर्ष काढला जातो. नंतर निर्णयाचा मसुदा दोन्ही बाजूंना पाठवतात. तथ्यांत चूक राहिली असेल तर ती इथे दुरुस्त होते, आणि अंतिम निर्णय वाचून कोणी चकित होऊ नये, हाही त्यामागचा हेतू असतो.

कचऱ्याच्या तक्रारी क्षुल्लक वाटतात, पण ही पद्धत त्यांच्यातच स्पष्ट दिसते. चाकांचा डबा रस्त्याच्या कडेपर्यंत ढकलत आणणे ज्यांना झेपत नाही, अशा वृद्ध आणि अपंग रहिवाशांसाठी कौन्सिली दारातून डबा नेण्याची सोय करतात. सफाई पथकाला ते लक्षात राहत नाही. रहिवासी फोन करतो, माफी मागितली जाते, पुढच्या आठवड्यात डबा पुन्हा तसाच. बऱ्याच ठिकाणी हे काम कंत्राटदाराकडे असते आणि कौन्सिल त्याच्याकडे बोट दाखवते. यावर ओम्बुड्समनची भूमिका ठाम आहे. काम कंत्राटाने देता येते, जबाबदारी देता येत नाही. अशा प्रकरणी क्षमायाचना आणि थोडी रक्कम यांच्याबरोबर काही आठवडे त्या पत्त्यावर अधिकाऱ्याने लक्ष ठेवावे, अशी शिफारस केली जाते, आणि तक्रारदाराला नेमके तेच हवे असते.

बेघर कुटुंबांच्या तक्रारींत कायदा अगदी स्पष्ट आहे. मुले किंवा गरोदर स्त्री असलेल्या कुटुंबाला स्वयंपाकघर-न्हाणीघर इतरांबरोबर वापरावे लागणाऱ्या बेड अँड ब्रेकफास्ट निवासात सहा आठवड्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तरी कुटुंबे महिनोन्‌महिने एका खोलीत राहतात. सर्वांत जड प्रकरणे मात्र शिक्षणाची. विशेष गरजा असलेल्या मुलाची शिक्षण-आरोग्य-शुश्रूषा योजना विनंतीपासून २० आठवड्यांत अंतिम व्हायला हवी, आणि अनेकदा ती तशी होत नाही. मूल घरी बसते, आई किंवा वडील नोकरी सोडतात. अलीकडच्या वर्षांत शिक्षण आणि बालसेवा यांबद्दलच्या तपासलेल्या तक्रारींपैकी दर दहांत नऊहून अधिक तक्रारींत दोष सापडला आहे. एकूण तपासांत २०२३-२४ साली हे प्रमाण सुमारे ८० टक्के होते. हा आकडा चाळणीतून उरलेल्या प्रकरणांचा आहे हे लक्षात घेतले, तरी तो गंभीरच.

दोष सिद्ध झाल्यावर, तो झाला नसता तर रहिवासी ज्या स्थितीत असता, त्या स्थितीत त्याला शक्य तितके आणून ठेवायचे, असे धोरण आहे. चुकीने आकारलेले पैसे परत करायचे, राहून गेलेली पाहणी करायची, अर्जाचा पुन्हा विचार करायचा. बुडालेली शाळा परत देता येत नाही, तिथे रक्कम सुचवली जाते. मार्गदर्शक तत्त्वांनुसार शिक्षण बुडालेल्या प्रत्येक सत्रामागे ती साधारण ९०० ते २,४०० पौंड असते. मनस्तापाबद्दलच्या रकमा याहून लहान असतात. कौन्सिलला शिक्षा करणे हा त्यांचा हेतू नाही आणि न्यायालयातल्या नुकसानभरपाईशी त्यांची तुलना होत नाही.

या शिफारशी कौन्सिलवर बंधनकारक नाहीत. तरीही ९९ टक्क्यांहून अधिक वेळा त्या पाळल्या जातात, आणि याचे कारण प्रसिद्धीत आहे. गंभीर प्रकरणात ओम्बुड्समन जाहीर अहवाल काढतो. त्यात कौन्सिलचे नाव असते, तक्रारदाराचे नसते. कौन्सिलने त्याची जाहिरात वृत्तपत्रांत द्यायची, प्रती तीन आठवडे लोकांना पाहायला ठेवायच्या आणि अहवालावर तीन महिन्यांत विचार करून काय केले ते कळवायचे. टाळाटाळ केली तर दुसरा अहवाल निघतो, आणि त्यालाही दाद दिली नाही तर ओम्बुड्समन कौन्सिलला तिच्याच खर्चाने स्थानिक वृत्तपत्रात निवेदन छापायला लावू शकतो. शिफारस नाकारता येत असली, तरी दोषाचा निष्कर्ष केवळ मान्य नाही म्हणून झुगारता येत नाही. निष्कर्षच चुकीचा वाटत असेल तर कौन्सिलने न्यायालयात जायचे, असे ईस्टली कौन्सिलच्या प्रकरणात १९८८ साली अपील न्यायालयाने सांगितले.

एका तक्रारीमागे अनेकदा न केलेल्या तक्रारी असतात. तपास चालू असताना त्याच चुकीने इतरांचेही नुकसान झाल्याचे दिसले, तर त्यांनी तक्रार केलेली नसली तरी त्यांची बाजू पाहण्याचा अधिकार ओम्बुड्समनला आहे. मग कौन्सिलला जुन्या फायली उघडून सारख्या प्रकरणांचा शोध घ्यायला, अर्जाचा नमुना बदलायला, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायला सांगितले जाते. ज्यांना हे कार्यालय अस्तित्वात आहे हेही ठाऊक नाही, त्यांच्यापर्यंत न्याय पोहोचतो तो या वाटेने, आणि म्हणून कार्यालयाच्या साऱ्या अधिकारांत हा सर्वांत मोलाचा. निर्णय नावे गाळून संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात आणि दरवर्षी प्रत्येक कौन्सिलला तिच्या कामगिरीचे पत्र जाते.

पैसे नाहीत, माणसे नाहीत, ही कौन्सिलांची सबब खोटी नसते. २०२३ मध्ये बर्मिंगहॅमसारख्या प्रचंड कौन्सिलनेही आर्थिक असमर्थतेची कायदेशीर नोटीस काढली. ओम्बुड्समन ही अडचण नोंदवतो, पण तिच्यामुळे कायद्याने दिलेले कर्तव्य संपते असे मानत नाही.

तक्रारदाराला निर्णय पटला नाही तर तो एका महिन्याच्या आत फेरविचार मागू शकतो. तथ्यांची चूक किंवा आधी देता न आलेला नवा पुरावा दाखवावा लागतो. कार्यालयातला दुसरा अधिकारी ते तपासतो. त्यापुढे अपील नाही. निर्णय घेताना ओम्बुड्समनने कायदा मोडला असे वाटले, तर उच्च न्यायालयात न्यायिक पुनर्विलोकनाचा अर्ज करता येतो, आणि तो विलंब न लावता, फार तर तीन महिन्यांत, करावा लागतो.