पाण्यावर घर तरंगतं, पण शहर?

समुद्रावर तरंगणाऱ्या शहरांची चकाचक चित्रं तुम्हीही पाहिली असतील. मला ती पाहून एकच प्रश्न पडतो: सांडपाणी कुठे जाणार?

नुसतं तरंगणं अवघड नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या आयबर्ग भागात काँक्रीटच्या पोकळ तळावर बांधलेली घरं खांबांना धरून तरंगतात. पाणी चढलं की घरही वर सरकतं. पण वीज-पाणी शहरातून येतं आणि ड्रेनेजही शहरालाच जोडलेलं आहे.

फ्रेंच पॉलिनेशियात २०१७ साली सीस्टेडिंग इन्स्टिट्यूटने तरंगत्या वस्तीसाठी तिथल्या सरकारशी करार केला. स्थानिकांनी विरोध केला आणि २०१८ मध्ये सरकारने माघार घेतली. एकही घर बांधलं गेलं नाही.

म्हणून अशी घोषणा ऐकली की तीन गोष्टी विचारा: मैला कुठे जाणार, डागडुजीचा खर्च कोण करणार, वादळात लोक बाहेर कसे पडणार? उत्तरं नसतील, तर ते शहर अजून कागदावरच आहे.