बोटं तिकडे, डोळे इकडे

सकाळी 8.40
नाशिकमधल्या या खोलीत पेशंट येत नाहीत. दाराबाहेर चपलांचा ढीग नाही, केसपेपरवरून भांडण नाही. एक संगणक, एक हेडफोन, माझा चहाचा थर्मास. पेशंट सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडच्या उपकेंद्रांत बसलेले असतात. त्यांच्याजवळ समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी 'सीएचओ मॅडम', आणि इकडे पडद्यावर मी, कातडीची डॉक्टर.

कॉल सुरू व्हायच्या आधी फोटो बघून घेते. कॉलवरचं चित्र नेटवर्कच्या मर्जीनं विरघळतं आणि चट्ट्याची कडा नेमकी तेव्हाच दिसेनाशी होते. फोटो निदान थांबून राहतो. त्यासाठी मी सगळ्या उपकेंद्रांना एक चिठ्ठी पाठवली आहे: लेन्स मऊ कापडानं पुसा, खिडकीपाशी घ्या पण उन्हात नको, एक फोटो लांबून, एक जवळून, शेजारी रुपयाचं नाणं ठेवा. शेवटची सूचना नंतर वाढवली, मोबाइलचा ब्यूटी मोड बंद करा. मुरुमांसाठी आलेल्या एका मुलीचे चार फोटो आले होते आणि चारही फोटोंत तिचे गाल लोण्यासारखे होते.

9.15
ई-संजीवनी उघडली. ही व्यवस्था सी-डॅकच्या मोहाली केंद्रानं बनवली. नोव्हेंबर 2019 मध्ये उपकेंद्रांना डॉक्टरांशी जोडणारा भाग सुरू झाला आणि एप्रिल 2020 मध्ये, लॉकडाऊनमध्ये, घरून बोलण्याचा. त्याच्या काही दिवस आधी, 25 मार्चला, ऑनलाइन तपासणीची नियमावली आली होती. तोवर व्हॉट्सअॅपवर फोटो बघून औषध सांगावं की नाही, हा ज्याच्या त्याच्या हिमतीचा प्रश्न होता.

पहिल्या कॉलला एका चौकटीत पाच माणसं. आई, वडील, तीन पोरं, सगळी खाजवतायत.
"रात्री जास्त खाजतं ना?"
"तुम्हाला कसं कळलं?"
बोटांच्या बेचक्या दाखवायला सांगितल्या. खरूज. पर्मेथ्रिनचं मलम, मानेपासून तळपायापर्यंत, पाचही जणांनी एकाच रात्री, सकाळी अंघोळ, आठवड्यानं पुन्हा. खाजत नसलेल्यानंही लावायचं. हे तीनदा सांगितलं, कारण ऐकताना सगळे हो म्हणतात आणि आजोबा राहून जातात. आजोबा कुठेयत विचारलं, तर घरीच होते!

10.30
गजकर्ण. त्यानंतर गजकर्ण. मग पुन्हा गजकर्ण.

मी शिकत होते तेव्हा हा सोपा आजार होता. आता मांडीपासून पोटापर्यंत पसरलेले, कडा हरवलेले चट्टे घेऊन माणसं वर्ष-वर्ष हिंडतात. प्रत्येकाच्या खिशात एक ट्यूब असते, मेडिकलवाल्यानं दिलेली. बुरशीचं, जंतूचं औषध आणि वर कडक स्टेरॉइड, सगळं एकात. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून ट्यूब देव वाटते. बुरशी आतून पसरत राहते. 2018 साली यातली बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी झाली. ती कागदावर आहे. शिवाय नेहमीच्या टर्बिनाफीनला दाद न देणारी एक बुरशी देशभर पसरली आहे, तिचं बारसं 2020 मध्ये जपानमध्ये झालं: ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. नावातच आपण.

म्हणून माझा पहिला प्रश्न "कधीपासून?" हा नसतो. "ट्यूब कॅमेऱ्यासमोर धरा," हा असतो.

11.20
सुरगाण्याकडचं उपकेंद्र. चाळिशीचे काका. दरवर्षी द्राक्षाच्या छाटणीला दिंडोरीकडे जातात.
"मॅडम, भाजलंय यांना. मलम लिहून द्या," सीएचओ म्हणाली.
उजव्या करंगळीवर फोड.
"काका, कशानं भाजलं?"
"विडीनं."
"मग टाकली नाही लगेच?"
"कळलंच नाही."

मी कप खाली ठेवला. बाही वर करायला सांगितली. कोपराच्या खाली फिकट चट्टा, त्यावर केस जवळजवळ नाहीत. पडद्यावर असे चट्टे वीस कारणांनी दिसतात. हात लावल्याशिवाय हे कळायचं नाही आणि माझा हात इथे नाशकात.

"मॅडम, कापसाची वात करा. आधी चांगल्या हातावर लावून दाखवा त्यांना. मग डोळे मिटायला सांगा. कापूस लागला की तिथं बोट ठेवायचं."

सीएचओनं मोबाइल रजिस्टरांच्या गठ्ठ्याला टेकवला. काकांनी डोळे मिटले. मनगटाजवळ कापूस लागला, बोट बरोबर गेलं. दंडावर, बरोबर. पुन्हा मनगट, बरोबर. मग चट्ट्यावर. बोट हललं नाही. चट्ट्यावर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. काका डोळे घट्ट मिटून बसलेले. थोड्या वेळानं म्हणाले, "सुरू केलं का मॅडम?"

सीएचओनं कॅमेऱ्याकडे बघितलं. मी तिला कोपराच्या आतल्या हाडामागची नस चाचपायला सांगितली, दोन्ही हातांची, ताडून.
"उजवीकडची जाड लागतेय."
"किती?"
"चार्जरच्या वायरीएवढी."

कुठल्याही पुस्तकापेक्षा हे उत्तर मला जास्त आवडलं.

काकांनी मला शब्द शोधायला लावले नाहीत. "महारोग?" त्यांनीच विचारलं. मी म्हटलं, कुष्ठरोग वाटतोय, ग्रामीण रुग्णालयात नीट तपासतील तेव्हा नक्की होईल. गोळ्यांची पाकिटं सरकार फुकट देतं, सहा महिने किंवा बारा, प्रकार बघून. घरच्या सगळ्यांना तपासायचं. त्यांनी एकच विचारलं, "ताट वेगळं करू का?" नाही. ताट, अंथरूण, काहीच वेगळं नको. औषध सुरू झालं की दुसऱ्याला लागण्याची भीती फार लवकर जाते. मात्र गेलेली संवेदना परत येईलच असं नाही, म्हणून चुलीजवळ आणि विडीजवळ डोळे उघडे ठेवायचे. विडी सोडा म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण एका दिवसात माणसानं किती ऐकायचं.

2005 मध्ये देशात या रोगाचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. त्या शब्दाचा अर्थ दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण, एवढाच. काका त्या एकाहून कमीतले.

दुपारी 1.30
डबा. पोळी-भाजी खाताना उगाच स्वतःच्या कोपरामागची नस चाचपून बघितली.

2.30
पेठकडून कॉल. म्हाताऱ्या बाबांच्या पायांवर लाल-जांभळे ठिपके, त्यांना वाटतंय पित्त उठलं. घरी आमसुलाचं पाणी लावून झालेलं. पित्ताची गांध दाबली की पांढुरकी होते. कातडीखाली रक्त उतरलं असेल तर रंग जात नाही. बघायला पारदर्शक काच हवी.
"काचेचा ग्लास आहे का तिथं?"
उपकेंद्रात स्टीलचे पेले. आशाताई समोरच्या टपरीवरून चहाचा ग्लास विसळून घेऊन आली. दाबला. ग्लासाच्या बुडातून ठिपके होते तसेच जांभळे. प्लेटलेट मोजायला आजच पाठवा म्हटलं. मग ग्लास परत करायला आशाताईच गेली.

3.10
कपाळावर नेमका मध्यभागी पांढरा गोल. बाई दोन वर्षं कोड समजून लपवत होती. टिकलीच्या गोंदातलं रसायन कातडीचा रंग मारतं. टिकली बंद. नुसतं कुंकू लावलं तर चालेल का, हा प्रश्न तिच्या सासूचा होता.

4.05
नागीण. कपाळाच्या उजव्या बाजूला पुळ्यांची रांग. मुलगा सांगत होता, गावातल्या जाणत्याकडे जाऊन आलो, वेढा पूर्ण झाला तर धोका असतो ना?
"मावशी, नाकाचा शेंडा दाखवा."
शेंड्यावर एक पुळी. तिथली नस डोळ्याशी जोडलेली असते. वेढ्याचं सोडा, डोळा वाचवायचा आहे. असायक्लोविर आजच सुरू करा म्हणून लिहिलं, 72 तासांच्या आत चालू झालेलं बरं असतं. आणि संध्याकाळच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरकडे. ऑनलाइन कामात उपचार करण्याइतकंच "इथं नाही, तिथं जा" हे म्हणावं लागतं. नियमावलीही डॉक्टरला तो हक्क देते. मुलानं विचारलं, "मग कॉलचा उपयोग काय झाला?" मी नाकाच्या शेंड्याचं पुन्हा समजावलं.

रात्री 7.30
घरून खासगी कॉल, दोनच. एका मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर. वांग घालवायला लावलेल्या स्टेरॉइडच्या क्रीमनं चेहरा लाल, तापलेला. आत्ता बंद केलं तर आणखी लाल होईल, नाही केलं तर कातडी पातळ होत जाईल. हे तिच्या आईला पटवण्यात पंचवीस मिनिटं गेली. दुसरा पुतण्या, डॅलसहून. तिथं माझी चिठ्ठी चालत नाही, त्यामुळे त्याला फक्त त्याच्या डॉक्टरला काय विचारायचं ते सांगितलं.

9.50
सीएचओंचे मेसेज. मावशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पोचल्या. बाबांच्या प्लेटलेट कमी आल्या, दाखल केलं. सुरगाण्याचे काका उद्या सकाळच्या एसटीनं निघतील. त्याच मेसेजखाली एक फोटो: तिथल्या सीएचओच्या स्वतःच्या गालावरचा डाग, ट्यूबलाइटखाली, हललेला, आणि गाल लोण्यासारखा.

"मॅडम, आधी ब्यूटी मोड बंद करा," मी लिहिलं.