पोकळी ओढत नाही

‘पंप पाणी ओढतो’, ‘नळीने रस ओढला’ असे आपण सहज म्हणतो. बोलण्यात ते खपते, पण पदार्थविज्ञानात नाही. पोकळी काहीच ओढत नाही. एका बाजूची हवा काढून घेतली, की दुसऱ्या बाजूची हवा ढकलते, एवढेच.

जर्मनीतील माग्डेबुर्गचा महापौर ओटो फॉन गेरिके याने १६५७ साली तेथे तांब्याचे दोन पोकळ अर्धगोल जुळवून आतली हवा पंपाने काढली. दोन्हीकडे जुंपलेल्या घोड्यांनाही ते सुटेनात. गोलाचा व्यास अर्धा मीटर धरला, तर हवेचा जोर सुमारे दोन टन भरतो.

याच जोरावर आपल्याकडच्या आगगाड्या कित्येक दशके थांबत होत्या. कसारा-इगतपुरीचा थळ घाट १८६५ साली रेल्वेला खुला झाला. तिथला चढ ३७ फुटांना एक फूट. व्हॅक्यूम ब्रेकच्या गाडीत इंजिन सर्व डब्यांखालच्या नळीतली हवा काढून घेई. पिस्टनच्या दोन्ही अंगांना पोकळी, तोवर ब्रेक सैल. ड्रायव्हरने झडप उघडली, प्रवाशाने साखळी ओढली किंवा जोडणी तुटून डबे सुटले, की बाहेरची हवा नळीत शिरून पिस्टन ढकली. बिघाड झाला तरी गाडी थांबेच. मर्यादा एकच : वातावरणाचा जोर दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो, त्याहून जास्त मिळत नाही. म्हणून पुढे दाबलेल्या हवेचे ब्रेक आले.

नाशिकच्या द्वारका चौकात सिग्नलला थांबणाऱ्या बहुतेक मोटारींत मात्र पोकळी आजही कामाला आहे. ब्रेकच्या बूस्टरमध्ये पडद्याच्या एका अंगाला इंजिनाच्या मदतीने केलेली पोकळी असते. पाय दाबला, की दुसऱ्या अंगाला हवा शिरते. पडदा २५ सेंटिमीटर व्यासाचा आणि दाबातला फरक दर चौरस सेंटिमीटरला ०.६ किलो धरला, तर सुमारे तीनशे किलोंची मदत मिळते.

पडताळा घरच्या घरी घेता येतो. उभ्या मोटारीचे इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा. साठलेली पोकळी संपते आणि पेडल दगडासारखे होते. पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल खाली जाते. ते खाली नेणारी हवाच.

आगगाडीत पोकळी गेली की ब्रेक लागतो. मोटारीत पोकळी गेली की ब्रेक जड होतो. द्वारकेहून मुंबईकडे निघून कसारा घाट उतरताना तेल वाचवायला इंजिन बंद करणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवावा.