पहिला मान दगडाचा

घरी समुद्राच्या पाण्याचे मत्स्यालय करायचे म्हटले की माणूस आधी मासे पाहतो, मग दिवे. दगड शेवटी, शोभेपुरता घेतला जातो. पण मित्रहो, या पेटीत पहिला मान दगडाचा आहे.

माशांची विष्ठा आणि उरलेले अन्न यांतून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो थोडा साचला तरी मासे दगावतात. दगडावर वस्ती करणारे जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. दगडाच्या पोटात, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथले दुसरे जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. म्हणजे दगड जितका सच्छिद्र, तितके या न दिसणाऱ्या कामकऱ्यांना बिऱ्हाड मोठे.

तेव्हा दगड आधी हातात तोलून पाहावा. आकाराच्या मानाने हलका लागला तर तो कामाचा असण्याचा संभव अधिक. सह्याद्रीचा घट्ट काळा दगड जिवाणूंना आत शिरू देत नाही. कोकणातल्या जांभ्याला छिद्रे असतात, पण त्यात लोह फार; तो टाळावा. संगमरवर चुन्याचाच, पण भरीव. सर्वांत उत्तम प्रवाळांच्या जुन्या सांगाड्यांचा दगड. व्हिनेगरचे थेंब टाकल्यावर तो फसफसतो.

मात्र हा दगड समुद्रातून उचलून आणायचा नाही. दगडी प्रवाळ २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला आले. मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. तिथून फोडलेला एक तुकडा म्हणजे कित्येक वर्षांची वाढ, आणि लहान माशांचा आसराही. फ्लोरिडालगतच्या समुद्रातून असा दगड काढणे अमेरिकेनेही १९९०च्या दशकात बंद केले.

त्याऐवजी जमिनीवरच्या खाणीतून काढलेला प्राचीन प्रवाळखडक किंवा भाजलेल्या मातीचा सच्छिद्र दगड घ्यावा. सिमेंटचा असेल तर काही आठवडे साध्या पाण्यात बुडवून पाणी बदलत राहावे. नाहीतर पेटीतले पाणी फार अल्कधर्मी होते.

असा दगड निर्जीव असतो. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम सागरी मीठ घातलेल्या वाहत्या पाण्यात जिवाणूंची वस्ती व्हायला त्याला काही आठवडे लागतात. जिवाणूंना खाद्य म्हणून थोडा अमोनिया द्यावा. तो दिल्यावरही चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट शून्य येऊ लागले, की मगच पहिला मासा आणावा. तोवर पेटी रिकामी दिसेल. दिसू द्यावी, काम आत चालूच असते.