बाटलीतली गुटी

पावसानं जोर धरला की उत्रोलीसारख्या भोरकडच्या गावांत परड्यातल्या पेरूला गुटी बांधायचे दिवस येतात. पेन्सिलीएवढी फांदी निवडायची, तिची बोटभर साल कड्यासारखी सोलायची, उघड्या जागेभोवती ओलं शेवाळ लपेटायचं आणि वरून प्लास्टिक आवळून बांधायचं. महिना-दीड महिन्यानं शेवाळ जरा विलग केलं, की सोललेल्या कड्याच्या वरच्या काठावरून सुतासारखी पांढरी मुळं निघालेली दिसतात. खालच्या काठावर एकही नसतं. पानांत तयार झालेली साखर आणि ऑक्झिन हे संजीवक सालीतूनच खाली उतरतात. वाट तुटली की ती वरच्या काठाशी साचतात. शेवाळाचा ओलावा तर सगळेच जाणतात. पण तेच शेवाळ त्या जागेला अंधारही देतं, हे सहसा कुणी बोलून दाखवत नाही.

फळझाडांचे खुंट ऊतीसंवर्धनानं वाढवणाऱ्यांना हा अंधार फार जपून वापरावा लागतो. सफरचंदाचे एम 9 आणि एम 26 हे इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंगचे खुंट जगभर बाटल्यांमध्ये वाढवले जातात. आपल्याकडच्या द्राक्षबागायतदारांच्या ओळखीचा खुंट म्हणजे डॉगरिज. मूळचा टेक्सासचा, क्षार आणि पाण्याचा ताण सोसणारा, पण काडीला मुळ्या फुटण्याच्या बाबतीत हट्टी. असा हट्टी खुंट बाटलीत नेला तरी कोंब भराभर फुटतात आणि गाडी मुळांपाशी अडते.

संवर्धन खोलीत साधारण 25 अंश तापमान आणि 16 तास ट्यूबलाइट किंवा एलईडीचा प्रकाश असतो. तो असतो दोन-तीन हजार लक्स. भर दुपारच्या उन्हात हाच आकडा लाखाच्या घरात जातो. म्हणजे प्रकाश मंदच. तरीही कोवळ्या मुळाच्या दृष्टीनं तो कधीकधी जास्त ठरतो. कारण मुळं फुटावीत म्हणून बाटलीतल्या पोषक माध्यमात घातलेलं इंडोल ॲसेटिक ॲसिड हे नैसर्गिक ऑक्झिन प्रकाशात नासतं. माध्यमातलं लोहाचं संयुगही, विशेषतः निळ्या प्रकाशात, विघटित होतं आणि त्या रासायनिक गडबडीत ऑक्झिनचा नाश आणखी वाढतो. 1935 साली न्यूयॉर्क राज्यातल्या बॉइस थॉम्सन संस्थेत झिमरमन आणि विलकॉक्सन यांनी मुळ्या फोडण्याची ताकद दाखवून दिलेलं आयबीए (इंडोल ब्युटिरिक ॲसिड) हे ऑक्झिन त्या मानानं टिकाऊ. रोपवाटिकांत आज त्याचीच पूड किंवा द्रावण वापरतात, ते उगाच नाही.

म्हणून अनेक खुंटांच्या बाबतीत कोंब मुळांच्या माध्यमात ठेवल्यावर पहिले काही दिवस बाटल्या अंधारात ठेवतात. देठाच्या तळाशी पेशींचं विभाजन सुरू होऊन मुळाचा अंकुर ठरतो तो याच दिवसांत, आणि ऑक्झिन खरं हवं असतं ते तेव्हाच. अंकुर ठरल्यावर तेच ऑक्झिन मुळाची लांबी रोखतं. मग कोंब ऑक्झिन नसलेल्या माध्यमात हलवून उजेडात आणतात. काही ठिकाणी माध्यमात कोळशाची पूड घालतात. तळाला अंधार, पानांना उजेड, आणि उरलेलं संजीवकही कोळसा शोषून घेतो. मला ही युक्ती सगळ्यांत आवडते, कारण ती अगदी गुटीसारखी आहे. खुंटागणिक हिशेब मात्र बदलतो. अंधार लांबला तर कोंब पिवळट आणि लांबट होतात, पानं साखर करत नाहीत आणि अशी रोपं बाहेर आल्यावर माना टाकतात.

बाहेर येणं ही तर मोठी परीक्षा. बाटलीतल्या दमट हवेत वाढलेल्या पानांवर मेणाचा थर पातळ असतो आणि पर्णरंध्रं नीट मिटत नाहीत. म्हणून रोपं कोकोपीटमध्ये लावून आधी दमट सावलीत ठेवतात आणि ऊन हळूहळू वाढवतात. ऊतीसंवर्धित खुंट घेताना नुसता हिरवा शेंडा पाहू नका. पिशवी हलकेच सोडून मुळं पाहा: पांढरी, फांद्या फुटलेली, देठातूनच निघालेली हवीत. देठाच्या तळाला साचलेल्या गाठीतून निघालेली मुळं सहज तुटतात.

परड्यातली गुटीही मुळं धरल्यावर कड्याच्या खालून कापतात, निम्मी पानं छाटून मातीच्या पिशवीत लावतात आणि पहिले काही आठवडे पडवीच्या सावलीतच ठेवतात.