सायकल चालवताना पाय बधिर होतो? सीट बदलण्याआधी हे ऐका (ट्रान्सक्रिप्ट)

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय. आजचा विषय पायाचा, आणि तोही माझ्याच पायाचा.

मी घाटनांदूरचा. बी.टेक. झालो, पुण्यात नोकरी लागली आणि वर्क फ्रॉम होम मिळाल्यावर परत गावात आलो. बसून बसून वजन वाढलं म्हणून सायकल घेतली. रोज सकाळी अंबाजोगाई रोडला एक चक्कर. पाच महिन्यांत अकरा किलो उतरलो, गल्लीत कौतुक झालं. मग डाव्या पायाला मुंग्या यायला लागल्या. नडगीच्या बाहेरच्या बाजूने खाली, थेट पावलाच्या वरच्या भागापर्यंत. आठवड्याभरात चढावर पेडल मारताना पाऊल जडही वाटायला लागलं.

मी पडलो इंजिनिअर. बग दिसला की सेटिंग बदलून बघायची सवय. सीटची उंची बदलली, मग सीटच बदलली, बुटांची लेस सैल केली. मित्र म्हणाला, "बाप्पा, नस लागली असंल, चोळून घे." आईने तेल लावून चोळूनही दिलं. असे तीन आठवडे गेले.

एका संध्याकाळी अंगणातून आत येताना डाव्या पायातली चप्पल मागेच राहिली आणि मी पुढे. दुसऱ्या दिवशीही तेच. नीट बघितलं तर पावलाचा पुढचा भाग वर उचललाच जात नव्हता, चालताना फरशीवर टप्प टप्प आपटत होता. तेव्हा घाबरलो.

आता मुद्दा नीट समजून घ्या. बधिर होणं आणि बळ जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बधिर होणं म्हणजे सेन्सरची तक्रार, बळ जाणं म्हणजे मोटरची. नुसत्या मुंग्या येतात आणि सायकलवरून उतरल्यावर पाच मिनिटांत जातात, तर बूट, सीट, हँडल तपासायला हरकत नाही. पण पाऊल हुकूम ऐकत नसेल, तर प्रयोग बंद आणि डॉक्टर सुरू.

अंबाजोगाईला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी आधी टाचांवर चालायला लावलं. उजवी टाच ठीक, डावीवर जमेना. मग चवड्यांवर चालवलं, ते जमलं. पाऊल आतल्या बाजूला वळवायला सांगितलं, तेही जोरात जमलं. कंबर दुखते का? नाही. मग त्यांनी विचारलं, "दिवसभर बसता कसे?"

मी बसून दाखवलं. खुर्चीत, डावा पाय उजव्या गुडघ्यावर टाकून. मीटिंग सुरू झाली की दोन-दोन तास तसाच.

डॉक्टर म्हणाले, "गुन्हेगार सापडला."

गुडघ्याच्या जरा खाली, बाहेरच्या बाजूला हात लावून बघा. हाडाचा एक उंचवटा लागेल. त्याला वळसा घालून पेरोनियल नावाची नस जाते, जवळजवळ कातडीखालूनच. पाऊल वर उचलण्याचं काम तिच्याकडे. पायावर पाय टाकून किंवा बराच वेळ उकिडवं बसलं की ती दाबली जाते. वजन भराभर उतरलं की तिच्याभोवतीची चरबीची गादीही पातळ होते. म्हणजे सायकलने फक्त दुखणं दाखवून दिलं. आणि तीन आठवडे सीट बदलत मी त्याच नसेवर रोज दाब देत होतो!

हेच दुखणं कमरेतल्या मणक्याची नस दबून आलं असतं, तर बहुधा पाऊल आत वळवतानाही जोर कमी पडला असता. हा फरक व्हिडिओ बघून कळत नाही, हात लावून तपासावं लागतं. पुढे लातूरला नसांची एनसीव्ही तपासणी झाली, तिथेही तेच निघालं. पायावर पाय टाकणं बंद, पावलाला आधाराचा पट्टा आणि फिजिओथेरपीचे व्यायाम. तीन महिन्यांनी चप्पल पायात राहायला लागली.

तुमच्यासाठी थोडक्यात:

• मुंग्या रोज येतात, उतरल्यावरही राहतात किंवा वाढत चालल्यात: या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. शुगर आणि बी-१२ बद्दलही विचारा.

• जांघेत किंवा लघवीच्या जागी बधिरपणा येतो: सीटचा दाब असू शकतो. लाजू नका, सांगा.

• पाऊल उचलत नाही, चप्पल निसटते: आजच जा.

• दोन्ही पायांचं बळ जातंय, लघवी-संडासवरचा ताबा सुटतोय, किंवा तोंड वाकडं होऊन एक बाजू लुळी पडतेय: एक मिनिटही थांबू नका, १०८ ला फोन करा.

• जुलाब किंवा तापानंतर काही दिवसांत पायांपासून वर अशक्तपणा चढतोय: जीबीएस असू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोड भागात त्याचे बरेच रुग्ण सापडले होते. लगेच दवाखाना गाठा.

डॉक्टरांकडे जाताना मोबाइलमध्ये चार ओळी लिहून न्या: कधी सुरू झालं, नेमकं कुठे, किती वेळ राहतं आणि दिवसभर कसे बसता. चांगला बग रिपोर्ट असला की अर्धं काम तिथेच होतं.

आणि हो, हे वाचताना पायावर पाय टाकून बसला असाल, तर आधी तो खाली घ्या. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!